तीच फाइल, तीन सह्याद्री: पायथनमधून फिरवता येणारं त्रिमितीय चित्र

कळसूबाईच्या परिसराच्या उंचीची एक फाइल घ्या. ती पायथनच्या चित्रं काढणाऱ्या तीन लायब्ररींत काढा, आधी मॅटप्लॉटलिबमध्ये, मग प्लॉटलीत, मग पायव्हिस्टात, आणि तिन्हीकडे जे मुळात ठरवून ठेवलेलं आहे त्यातलं काहीच बदलू नका. पहिल्या चित्रात डोंगर खऱ्यापेक्षा साधारण १८ पट उंच येतो, दुसऱ्यात २३–२४ पट. तिसऱ्यात जसाच्या तसा येतो, पण इतका बुटका की इस्त्री केलेल्या चादरीला एक सुरकुती राहिली आहे असं वाटावं. यातली एकही लायब्ररी चुकलेली नाही. चित्राची चौकट कशी ठरवायची याचा प्रत्येकीचा आपापला नियम आहे आणि आपण तो विचारलेला नाही, इतकंच.

ही पोस्ट त्या न विचारलेल्या गोष्टींबद्दल आहे. पायथनमध्ये माउसने फिरवता येणारं पृष्ठभागाचं चित्र चार-पाच ओळींत निघतं. ते चित्र खरं आहे की नुसतंच देखणं, हे तपासायला मात्र जास्त वेळ द्यावा लागतो. उदाहरण सह्याद्रीचं घेतलं आहे, कारण कोकण कुठल्या बाजूला आणि घाटमाथा कुठल्या बाजूला हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. चूक पकडायला त्याहून चांगली मदत नाही.

फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये, आणि बहुतेक ठिकाणी दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर.

फाइल वाचताना

एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या स्पेस शटलवरून ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने केलेली पृथ्वीची मोजणी. तिची एकेक फाइल एक अंश अक्षांश गुणिले एक अंश रेखांश अशा चौकोनाची असते. आपल्याला १९ उत्तर, ७३ पूर्व ही फाइल हवी. फाइलीच्या नावातले आकडे चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे असतात, म्हणजे ही फाइल १९ ते २० अंश उत्तर आणि ७३ ते ७४ अंश पूर्व एवढा भाग दाखवते. नाशिक शहरातून २० अंशांची रेघ जाते, त्यामुळे नाशिक दोन फाइलींत वाटलं गेलं आहे. ते हवं असेल तर वरची फाइलही घ्या आणि जोडताना सामाईक ओळ एकदाच ठेवा.

या फाइली एचजीटी प्रकारच्या असतात. अशा फाइलीला डोकं नाही, शेपूट नाही. नुसते १६ बिटांचे पूर्णांक ओळीने ठेवलेले. एक सेकंद (कोनाचा, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतराच्या फाइलीत ३६०१ गुणिले ३६०१ आकडे, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे फाइल बरोबर २,५९,३४,४०२ बाइटांची. तीन सेकंदांची असेल तर १२०१ गुणिले १२०१, म्हणजे २८,८४,८०२ बाइट. डाउनलोड झाल्यावर आधी हा आकार पाहायचा. त्यात एक बाइटही कमी-जास्त असेल तर फाइल अर्धवट उतरली आहे किंवा झिप उघडायची राहिली आहे.

आकडे बिग-एंडियन आहेत, म्हणजे मोठा बाइट आधी. आपले लॅपटॉप उलट क्रमाने वाचतात. नमपाय या आकड्यांच्या लायब्ररीतल्या फ्रॉमफाइलला प्रकार सांगताना 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, मग आय, मग २ असं सांगावं लागतं. नुसतं इंट१६ सांगितलं तर काहीही ओरडा न होता फाइल वाचली जाते आणि आकडे मात्र भलतेच येतात. १६४६ या आकड्याचे बाइट उलटे झाले की २८१६६ होतो. २५५ चा होतो −२५६. चित्रात खिळे उलटे-सुलटे ठोकलेली फळी दिसली तर दुसरीकडे कुठे शोधू नका, बाइटांचा क्रम चुकला आहे.

जिथे रडारला काही दिसलं नाही तिथे −३२७६८ भरलेलं असतं. उभ्या कड्यांच्या सावलीत अशी भोकं पडतात. ती तशीच ठेवली तर सगळा सह्याद्री एका पातळ पापडासारखा दिसतो, त्यातून ३२ किलोमीटर खाली गेलेली एक सुई, आणि रंगपट्टीतला जवळपास सगळा पल्ला त्या सुईने खाल्लेला. त्या जागी एनएएन, म्हणजे 'इथे आकडा नाही' ही खूण, भरावी हा पहिला विचार रंगासाठी ठीक आहे. बिंदूंच्या सहनिर्देशकांत मात्र एनएएन नको. कॅमेरा आपली चौकट बिंदूंवरून ठरवतो, त्यात एनएएन शिरलं की खिडकी कोरी राहू शकते. भोकं शेजारच्या आकड्यांवरून भरून घ्या, किंवा आधीच भरलेली आवृत्ती उतरवा.

आता दिशा. फाइलीची पहिली ओळ उत्तरेकडची असते, नाव मात्र दक्षिणेच्या कोपऱ्यावरून. पहिल्या ओळीला वाय शून्य दिलं आणि वाय उत्तरेकडे वाढतो असं धरलं की चित्र आरशातलं होतं. कितीही फिरवा, आरशातलं चित्र सुलट होत नाही. आणि ही चूक डोळ्यांना पटणारी असते, त्यामुळे जास्त धोक्याची. कळसूबाई साधारण १९.६० अंशांवर आहे, म्हणजे वरून १४३६ व्या ओळीच्या आसपास. उलट्या फाइलीत ते १९.४० अंशांवर जाऊन बसतं. हा तर हरिश्चंद्रगडाचा अक्षांश! डोंगर आहे तिथे डोंगर दिसला म्हणून आपण समाधानाने पुढे जातो.

म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. आर्गमॅक्सने सगळ्यात मोठा आकडा शोधा, त्याची ओळ आणि स्तंभ काढा. अक्षांश म्हणजे २० वजा ओळ भागिले ३६००, रेखांश म्हणजे ७३ अधिक स्तंभ भागिले ३६००. स्तंभ २५५२ च्या जवळपास यायला हवा, म्हणजे ७३.७१ पूर्व. उंची १६४६ च्या थोडी खालीच येईल. रडारचा एक आकडा साधारण ३० मीटरच्या तुकड्याचा असतो, त्यात टोकदार माथा थोडा खचतोच.

कापून घ्या

पूर्ण फाइल म्हणजे जवळपास १ कोटी ३० लाख बिंदू आणि त्यांचे २ कोटी ५९ लाख त्रिकोण. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर चालेल. साध्या लॅपटॉपवर माउस हलवल्यावर चित्र चहा पिऊन परत येतं. बघायचा आहे तेवढाच भाग घ्या. ओळी १०८० ते २३४०, स्तंभ १९८० ते ३२४०. पायथनमध्ये शेवटचा आकडा एकने जास्त लिहायचा, हे सांगायला नकोच. यात कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग, रतनगड, भंडारदरा आणि हरिश्चंद्रगड येतात, शिवाय पश्चिमेला कोकणची पट्टी. १२६१ गुणिले १२६१, म्हणजे १५.९ लाख बिंदू.

विरळ करायचं असेल तर दर चौथा बिंदू घेण्याची पद्धत सोपी आहे, पण शिखर नेमकं वगळलं जाऊ शकतं. चार गुणिले चारच्या ठोकळ्याची सरासरी घेतली तर उतार बरे दिसतात, माथे मात्र झिजतात. ठोकळ्यातला सर्वांत मोठा आकडा घेतला तर माथे टिकतात आणि दऱ्या बुजतात. तिन्हींत काहीतरी जातंच. शिखरांची तुलना करायची असेल तर सर्वांत मोठा आकडा, एकंदर घडण दाखवायची असेल तर सरासरी.

मग मीटर. एक्स आणि वाय अंशांत ठेवून झेड मीटरमध्ये दिला की ०.३५ रुंदीवर १६०० उंची होते. पायव्हिस्टाच्या खिडकीत एक उभी रेघ दिसते, आणि नवशिक्याला वाटतं ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला. १९.५ अंशांवर एक सेकंद म्हणजे उत्तर-दक्षिण ३०.७५ मीटर, पूर्व-पश्चिम २९.१६ मीटर. रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात म्हणून हा फरक. आपल्या तुकड्यात तो पाच टक्क्यांचा आहे. एवढ्याशा भागाला हे साधं गणित पुरे. पूर्ण महाराष्ट्र घ्यायचा असेल तर रीतसर प्रक्षेपण करून घ्यावं. तुकडा झाला ३८.७ किलोमीटर उत्तर-दक्षिण, ३६.७ पूर्व-पश्चिम.

एवढ्यात अजून एक सापळा. आकडे १६ बिटांचेच राहिले असतील तर आधी फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांत, बदला. प्लॉटलीसारखं उठावदार दिसावं म्हणून कोणी झेडला २५ ने गुणलं, तर १३१० मीटरच्या वरचा प्रत्येक बिंदू ३२,७६७ ची मर्यादा ओलांडतो आणि ऋण होऊन बसतो. १६४६ गुणिले २५ म्हणजे ४१,१५०, पण हाती येतो −२४,३८६. कळसूबाई, कुलंग, हरिश्चंद्रगड या सगळ्यांच्या माथ्यावर खोल विहिरी. नमपाय याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मॅटप्लॉटलिब: घरातलंच आहे, पण

मॅटप्लॉटलिबचं त्रिमितीय चित्र हे खऱ्या अर्थाने त्रिमितीय नाही. ते बहुकोनांना लांबून जवळ असं क्रमाने लावतं आणि एकावर एक रंगवतं. एकमेकांत घुसलेले दोन पृष्ठभाग काढले की मागचा पुढे येतो, फिरवताना तुकडे टुणटुण उड्या मारतात. ग्राफिक्स कार्डाचा उपयोग नाही, सगळं काम प्रोसेसरच्या गळ्यात.

पण खरी गंमत पृष्ठभाग काढणाऱ्या प्लॉट सर्फेस या फंक्शनमध्ये आहे. आरकाउंट आणि सीकाउंट हे दोन आकडे आपण दिले नाहीत तर ते ५० धरले जातात. १२६१ ओळींचे ५० भाग म्हणजे दर २६ ओळींमागे एक. तुकडा झाला साधारण ८०० मीटरचा, आणि त्याच्या आतला सगळा चढउतार गायब. उरतात ते फक्त तुकड्याच्या कडेचे बिंदू. म्हणजे अलंगचा कातळ आत पडला तर गेला, कडेवर पडला तर अर्धा दिसला. चित्र ओबडधोबड दिसतं म्हणून लोक डेटाला दोष देतात. दोन्ही आकडे वाढवले तर तपशील येतो, पण ३००–४०० च्या पुढे माउसने फिरवणं म्हणजे शिक्षा.

१८ पटीचं कारणही इथेच. मॅटप्लॉटलिबच्या खोक्याचं प्रमाण मुळात ४:४:३ असतं. ३८.७ किलोमीटर रुंदीच्या चार भागांना १.६ किलोमीटर उंचीचे तीन भाग. सेट बॉक्स आस्पेक्टने हे बदलता येतं, पण ती सोय ३.३ या आवृत्तीपासून आहे. जुनं काही चालवत असाल तर नाही.

लेखात छापायला एखादी छोटी आकृती, दोन-तीन रेघा, थोडे ठिपके, एवढ्याला मॅटप्लॉटलिब उत्तम. डोंगर फिरवायला नको.

मायावी आणि पायव्हिस्टा

दोन्हींच्या पोटात एकच इंजिन आहे, व्हीटीके. १९९३ पासून चालत आलेली सी प्लस प्लसमधली लायब्ररी, अफाट ताकदीची आणि तितकीच शब्दबंबाळ. थेट व्हीटीकेमध्ये एक पृष्ठभाग काढायला सोर्स, मॅपर, अॅक्टर, रेंडरर, खिडकी, इंटरॅक्टर अशी सगळी वरात लागते. मायावी आणि पायव्हिस्टा ही वरात मागे ठेवतात.

मायावीचे मूळ कर्ते प्रभू रामचंद्रन आयआयटी मुंबईत एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकवतात. नाव आपल्याच भाषेतलं असल्याने उच्चार कसा करायचा हा प्रश्न आपल्याला पडत नाही, हाही फायदाच. त्यातला एमलॅब हा भाग स्क्रिप्टमधून वापरायचा: सर्फ, मेश, काँटूर थ्रीडी, पॉइंट्स थ्रीडी, क्विव्हर थ्रीडी. चित्र उघडल्यावर खिडकीतल्या पाइपलाइनच्या बटणातून प्रत्येक घटकाचे गुण बदलता येतात. रेकॉर्ड करण्याची सोय चालू केली तर आपण माउसने जे केलं त्याचा पायथन कोड समोर लिहिला जातो. शिकायला याच्याइतकं चांगलं पुस्तक नाही.

सर्फ आणि मेशमध्ये गोंधळ होतो. सर्फला समान अंतराची जाळी हवी, आणि पहिली मिती एक्सची असं तो धरतो. आपल्या फाइलीत पहिली मिती ओळींची, म्हणजे उत्तर-दक्षिण. तसंच दिलं तर सह्याद्रीची रांग पूर्व-पश्चिम आडवी पडते आणि कोकण पश्चिमेचं उठून भलत्याच दिशेला जातं. आधी ओळी उलट्या करा, मग ट्रान्सपोज करा, म्हणजे ओळी आणि स्तंभांची अदलाबदल, मग सर्फला द्या. नमपायच्या मेशग्रिडने एक्स-वाय बनवत असाल तर इंडेक्सिंग 'आयजे' सांगा, नाहीतर सर्फ तक्रार करतो. मेशला एक्स, वाय, झेड असे तीन द्विमितीय अॅरे द्यायचे, तिथे क्रमाचं बंधन नाही. तिन्ही एकाच घडणीचे असले की झालं.

सर्फमध्ये वार्प स्केल नावाचा आकडा आहे. त्याला 'ऑटो' सांगितलं तर डोळ्यांना बरी वाटेल अशी उंची तो स्वतः ठरवतो. किती पट ते चित्रावर कुठेच लिहिलेलं नसतं. 'ऑटो' टाळा, आकडा द्या.

बसवताना मायावी त्रास देतं. व्हीटीके आणि क्यूटीची (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) एखादी पायथन जोडणी आधी हवी, आणि पायथनची आवृत्ती अगदी ताजी असेल तर तयार पॅकेज मिळत नाही, मग ते मशीनवर बांधायला लागतं आणि तिथे अडकतं. वेगळं एन्व्हायर्नमेंट करून कोंडा-फोर्ज या तयार पॅकेजांच्या साठ्यावरून घेतलं तर बहुधा सुरळीत होतं. पायव्हिस्टा पिपने येतं, व्हीटीके सोबत आणतं. आज नवीन सुरुवात करणाऱ्याने पायव्हिस्टापासून करावी. मायावीतली रेकॉर्डिंगची सोय सोडली तर फारसं काही चुकत नाही.

पायव्हिस्टात काम असं. एक्स, वाय, झेड हे तीन द्विमितीय अॅरे स्ट्रक्चर्ड ग्रिडला द्या. प्लॉटर बनवा, अॅड मेश, मग शो. खिडकी उघडली की डाव्या बटणाने फिरवा, शिफ्टसोबत डाव्या बटणाने सरकवा, चाकाने जवळ-लांब. डब्ल्यू दाबलं की नुसती जाळी, एस दाबलं की परत पृष्ठभाग, आर दाबलं की चित्र पुन्हा चौकटीत. माउसच्या खालच्या बिंदूकडे झेपावायचं असेल तर एफ. क्यू म्हणजे बाहेर.

रंगासाठी उंची जोडताना एक फसवी चूक होते. पायव्हिस्टा बिंदू फोरट्रानच्या क्रमाने ठेवतो, म्हणजे पहिली मिती आधी धावते. आपण झेडला साधं रॅव्हल करून, म्हणजे एका लांब ओळीत उलगडून, दिलं तर तो सी भाषेच्या क्रमाने उलगडतो, शेवटची मिती आधी. तुकडा आयताकृती असता तर रंग पट्ट्यापट्ट्यांनी विस्कटले असते आणि चूक लगेच दिसली असती. आपला तुकडा १२६१ गुणिले १२६१, नेमका चौरस. त्यामुळे रंग कर्णावर पालटून व्यवस्थित पसरतात. घडण सह्याद्रीची, रंग भलत्याच जागचे, आणि सगळं इतकं गुळगुळीत की शंका येऊ नये. रॅव्हलला ऑर्डर 'एफ' सांगा. त्याहून सोपं म्हणजे ग्रिडच्या स्वतःच्या बिंदूंमधला तिसरा स्तंभच रंगाला द्या, मग चूक व्हायला जागाच नाही.

कळसूबाईवर बर्फ

रंगपट्टी 'टेरेन' निवडली की दोन विनोद घडतात. ही पट्टी खाली निळ्याने सुरू होते, पाव भागावर हिरवी होते, वर तपकिरी आणि टोकाला पांढरी. शून्य ते १६४६ असा पल्ला तिला दिला तर खालचा पाव भाग, म्हणजे ४०० मीटरपर्यंतचं सगळं कोकण, निळं होतं आणि बघणाऱ्याला तिथे समुद्र वाटतो. आणि कळसूबाईचा माथा पांढरा. हिमालयात नेऊन ठेवल्यासारखा.

उपाय पल्ल्यात आहे. रंगांचा पल्ला ठरवणाऱ्या सीलिमला −८०० ते २४०० सांगा. शून्य मीटर नेमकं पाव भागावर येतं, म्हणजे समुद्रसपाटी हिरवी, आणि १६४६ तपकिरीवर थांबतं. बर्फ वितळलं. इंद्रधनुष्यी पट्ट्या तर वापरूच नयेत. त्यांत पिवळ्या रंगाच्या जागी डोळ्यांना खोटी सीमा दिसते आणि नसलेला कडा उभा राहतो.

उंचीची पट

आपल्या तुकड्यात उंची रुंदीच्या चार टक्के आहे. पडद्यावर २४ सेंटीमीटर रुंद चित्र काढलं तर कळसूबाई जेमतेम एक सेंटीमीटर. म्हणून थोडं वाढवावं लागतं, यात लबाडी नाही. दुप्पट, फार तर तिप्पट. पाचपटीच्या पुढे प्रत्येक टेकडी लिंगाण्यासारखी दिसायला लागते आणि घाटमाथ्याचं सपाटपण, जे या प्रदेशाचं खरं लक्षण, तेच हरवतं.

ही पट झेडला गुणून देऊ नका. प्लॉटरच्या सेट स्केलला झेडस्केल २ सांगा. मूळ आकडे तसेच राहतात, रंग खऱ्या उंचीवरून येतो. आणि चित्रावर अॅड टेक्स्टने 'उभी मोजपट्टी दुप्पट' असं लिहून टाका.

प्लॉटलीच्या २४ पटीचं कोडंही इथेच सुटतं. तिथे आस्पेक्टमोड मुळात 'ऑटो' असतो. सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड अक्षांतलं प्रमाण चारपेक्षा जास्त झालं की तो गुपचूप 'क्यूब'वर जातो, तिन्ही बाजू सारख्या. आपलं प्रमाण २४. दुप्पट उंची हवी तर 'मॅन्युअल' करून एक्सला ०.९५, वायला १, झेडला ०.०८ द्या.

कॅमेरा

चांगला कोन माउसने शोधायचा आणि स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवायचा. पायव्हिस्टात शोला रिटर्न सीपॉस खरं सांगितलं की खिडकी बंद करताना कॅमेऱ्याची जागा परत मिळते. मायावीत काही न देता व्ह्यू हाक मारली की चालू कोन कळतो. मॅटप्लॉटलिबमधले कोन मायावीत जसेच्या तसे चिकटवू नका. मॅटप्लॉटलिबमध्ये एलिव्हेशन ९० म्हणजे डोक्यावरून खाली. मायावीत तो कोन उभ्या अक्षापासून मोजतात, म्हणून ० म्हणजे डोक्यावरून आणि ९० म्हणजे जमिनीच्या पातळीवरून आडवं.

दोन शिखरांची तुलना करताना पॅरलल प्रोजेक्शन चालू करा, त्यात लांबची वस्तू लहान होत नाही. नाहीतर जवळचा रतनगड लांबच्या कळसूबाईपेक्षा उंच दिसतो. प्रत्यक्षातही दिसतो म्हणा, पण आपण फोटो काढत नाही आहोत.

फिरवता येण्याचा खरा उपयोग कळतो तो भंडारदऱ्यावर. जलाशय एफने जवळ आणा आणि जमिनीच्या पातळीवरून बघा. पाणी आरशासारखं सपाट हवं. एसआरटीएमच्या तयार फाइलींत तलाव मुद्दाम सपाट केलेले आहेत. ते तिरपं दिसलं, त्यावर लाटा दिसल्या, तर आपण विरळ करताना किंवा भोकं भरताना काहीतरी बिघडवलं आहे. उंची पूर्ण मीटरमध्ये असल्याने मंद उतारांवर बारीक पायऱ्या दिसतील. त्या शेतांच्या बांधांच्या नाहीत, आकड्यांच्या आहेत.

ट्रेकची वाट जमिनीखाली

जीपीएसने नोंदवलेली, जीपीएक्स फाइलीतली वाट चित्रावर टाकली की ती बऱ्याचदा गायब होते. एसआरटीएमची उंची समुद्रसपाटीच्या मॉडेलवरून मोजलेली आहे, ईजीएम ९६ नावाच्या. जीपीएसची कच्ची उंची एका गणिती लंबगोलावरून मोजतात. आपल्याकडे समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठेक मीटर खाली आहे, म्हणून कच्ची उंची तितकीच कमी येते आणि वाट कातळाच्या पोटातून जाते. काही उपकरणं ही दुरुस्ती आधीच करतात, तेव्हा डोळे झाकून ६० मिळवू नका. सरळ मार्ग म्हणजे वाटेचे फक्त एक्स-वाय घ्यायचे आणि उंची ग्रिडवरून काढायची. तरीही रेघ तुटक, लुकलुकती दिसेल, कारण रेघ आणि जमीन एकाच खोलीवर भांडतात. वाट २० मीटर वर उचला किंवा रेघेऐवजी ट्यूब काढा.

दुसऱ्याला पाठवताना

समोरच्याकडे पायथन नसतं, त्याला ब्राउझरमध्ये उघडणारी एक फाइल हवी असते. इथे प्लॉटली सोयीची. राइट एचटीएमएल केलं की लायब्ररीसकट सगळं एका फाइलीत जातं आणि नुसत्या लायब्ररीचेच काही एमबी होतात. समोरच्याकडे इंटरनेट नक्की असेल तर इन्क्लूड प्लॉटलीजेएसला 'सीडीएन' सांगा. एक्स आणि वाय पूर्ण जाळीचे देऊ नका, एकेक ओळ पुरते. डेटा ४०० गुणिले ४०० वर आणा, फोनवर फिरतं. १५.९ लाख बिंदू व्हॉट्सअॅपवर पाठवले तर समोरचा माणूस उत्तरच देत नाही.

एका नोटबुकात वीस-पंचवीस त्रिमितीय चित्रं काढली की वरची अचानक कोरी पडतात. ब्राउझर एका वेळी ठरावीक वेबजीएल (ब्राउझरमधली त्रिमितीय चित्रांची सोय) चित्रंच जिवंत ठेवतो, क्रोमवर ही मर्यादा १६ आहे. जुनी मिटवा किंवा स्थिर चित्रात बदला.

पडदा नसलेल्या सर्व्हरवर पायव्हिस्टाच्या प्लॉटरला ऑफ स्क्रीन खरं सांगा, मायावीत एमलॅबच्या ऑप्शन्समध्ये ऑफस्क्रीन. तरी खिडकी उघडता येत नाही म्हणून प्रोग्राम आपटला तर एक्सव्हीएफबी हा खोटा पडदा लावून चालवा. हलतं चित्र करताना लूपमध्ये स्लीप टाकून थांबू नका, खिडकी गोठते, कारण तिला माउसकडे बघायला वेळच मिळत नाही. मायावीत अॅनिमेट डेकोरेटर आणि यील्ड वापरा, दोन चौकटींमधलं अंतर किमान १० मिलिसेकंद.

आणि या सगळ्यानंतर रतनगडाच्या माथ्यावर जाऊन नेढं शोधू नका. प्रत्येक जागेला एकच उंची असलेल्या जाळीत आरपार भोक बसत नाही, आणि ३० मीटरच्या पावलात तर ते तसंही निसटलं असतं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे. आपल्या चित्रात तो बाहेर तिरपा उतरतो. डब्ल्यू दाबून जाळी पाहिली की कारण दिसतं: वरचा बिंदू आणि खालचा बिंदू, मध्ये एकच लांबलचक ताणलेला चौकोन. कड्याची ती वळलेली छाती हवी असेल तर ड्रोनच्या फोटोंवरून किंवा लायडारवरून, म्हणजे लेझरच्या मोजणीवरून, काढलेले सुटे बिंदू लागतात. ते स्ट्रक्चर्ड ग्रिडला न देता पॉलीडेटाला द्यायचे, आणि तिथे ओळ, स्तंभ, उत्तर, दक्षिण या सगळ्याचा हिशोब नव्याने मांडायचा.